अक्काचे वकील

मेल आला तेव्हा तो एका नव्या फोनची बॅटरी किती तग धरते ते पाहत बसला होता. पाहत बसणं हेच काम. फोनवर एकच व्हिडिओ पुन्हापुन्हा फिरत ठेवायचा, अधूनमधून कोपऱ्यातल्या आकड्यावर नजर टाकायची, आणि मधल्या वेळात दुसरं काहीतरी लिहायचं. चाचणीच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. टेबलावर फोन, मनगटी घड्याळं, एक दाढी करायचं यंत्र, आणि भिंतीला लागून रिकाम्या खोक्यांची चवड. कंपनीकडून चाचणीला आलेली प्रत्येक वस्तू तिच्या मूळ खोक्यात, मूळ पिशवीत घालून परत पाठवायची असते, त्यामुळे वस्तूपेक्षा खोकं जपायची त्याला सवय लागली होती. मेलच्या माथ्यावर नेहमीची ओळ होती : सोमवारी सकाळी दहापर्यंत प्रसिद्धीसाठी नाही. त्याखाली कंपनीचं नाव, आणि त्याखाली एक लांबलचक गुळगुळीत परिच्छेद. आजवरच्या साथीबद्दल आभार, नव्या दिशेनं वाटचाल, साधनसामग्रीची फेरमांडणी. अशा परिच्छेदांत खरं क्रियापद कुठं दडवून ठेवलेलं असतं ते इतक्या वर्षांनी त्याला न शोधताही सापडायचं. तसं सापडलं. बोलक्या डबीची सेवा सोमवारी संध्याकाळी बंद होणार होती. त्यानं चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. फोनवरच्या व्हिडिओतला समुद्र पुन्हा पहिल्यापासून किनाऱ्याकडे यायला लागला.

बोलकी डबी त्याच्या घरी होती. मागच्या खोलीत, अक्काच्या पलंगाशेजारच्या टेबलावर. अक्का त्याची थोरली बहीण. अर्धांगाचा झटका येऊन तिची उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर बोलणंही. म्हणजे बोलणं तसं गेलं नव्हतं. डोक्यात शब्द जागच्या जागी होते, फक्त तोंडातून बाहेर पडताना त्यांचे कंगोरे झिजून जायचे आणि सगळं मिळून एक ओलसर, ताणलेला हुंकार ऐकू यायचा. सुरुवातीचे महिने घरात नुसता छळ होता. ती एक सांगायची, घरचे भलतंच आणून द्यायचे, ती डोळे मिटून घ्यायची. मग ही डबी चाचणीसाठी आली. जिभेवर ताबा नसलेल्या माणसाचं बोलणं ऐकत ऐकत शिकायचं, आणि ते स्वच्छ करून पुन्हा बोलून दाखवायचं, एवढं एकच काम ती करायची. पहिल्या आठवड्यात दहातला एक शब्द. मग दोन. मग एका दुपारी अक्कानं तोंड हलवलं, जरा वेळ गेला, आणि डबीतून एका तरण्या, खणखणीत, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात वाक्य आलं : "या खोलीचा पंखा गेले दोन महिने कुरकुरतोय आणि घरात इंजिनिअर आहे म्हणे." त्याच्या बायकोनं हसता हसता डोळे पुसले होते. त्या दिवशी अक्कानं डबीचं नाव ठेवलं वकील. माझ्या वतीनं बोलतात, म्हणून वकील. तेव्हापासून घरात वकील आले, वकिलांना चार्जिंगला लावा, वकिलांवर चहा सांडू नका, असंच चाललं होतं. चाचणीची डबी त्यानं खोक्यात घालून परत केली आणि दुसऱ्याच दिवशी दुकानातून स्वतःची आणली. असं त्यानं त्या एकाच वस्तूचं केलं होतं.

त्या डबीवरचा लेख त्याचा सगळ्यात गाजलेला. मुळात तो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. पहिली नोकरी टीव्हीच्या कारखान्यात, पट्ट्यावरून नापास होऊन आलेल्या संचांत बिघाड शोधायची. सोल्डरिंगच्या धुराचा वास शर्टाला असायचा, आणि हातात कायम एक जिवंतपणा, की हा भाग मेलाय, हा जिवंत आहे, इथं बदललं की चित्र येणार. मग कारखान्यात बाहेरून तयार संच यायला लागले, वर नुसतं नाव चिकटवायचं राहिलं, आणि त्याच रिकाम्या दुपारांत त्यानं एका मासिकाला लिहून पाठवलं की फ्रिजला स्टॅबिलायझर घ्यावा की नाही, आणि घ्यायचा तर का. पहिल्या लेखांत आकृत्या असायच्या. वीज इथून येते, इथं थोपते, इथून जाते. पुढं आकृती लहान झाली, मग गेली, तिच्या जागी तारे आले. पाचपैकी चार, पाचपैकी साडेतीन. वस्तूही आता उघडत नव्हत्या, गोंदानं चिकटवलेल्या यायच्या. वाचक पूर्वी विचारायचे, असं का होतं? आता विचारायचे, घेऊ का? तो घ्या किंवा थांबा सांगायचा. प्रत्येक वस्तू त्याच्याकडे पंधरवडाभर राहायची, नवी, चकचकीत, कौतुकाची, आणि परत जायची. बायको म्हणायची, तुला सगळ्या वस्तूंचा मधुचंद्र तेवढा ठाऊक, संसार बिचाऱ्या वाचकांनी करायचा. त्यावर तोही हसायचा. खोटं नव्हतं ते. आता त्या चाचणीच्या खोलीत बसून त्याला वाटलं, आपण संसार केला असेल तर त्या एका डबीबरोबर.

संपादक दारातून डोकावले. "इंजिनिअर, ती डबीवाली बातमी बघितलीस ना? सोमवारी दहाला आपली पहिली लागली पाहिजे. तुझ्याइतकं त्या डबीवर कुणी लिहिलेलं नाही."

"हो."

"खाली एक चौकट टाक. पर्याय कोणते."

"पर्याय नाहीत."

"असं कसं? चारपाच तरी काढ. पर्याय नाहीत हे वाचायला कोण येणार?"

ते गेले. त्यानं कंपनीच्या जनसंपर्क बघणाऱ्या बाईंना फोन लावला. त्यांचा आवाज नेहमी नुकतंच काहीतरी गोड खाल्ल्यासारखा असायचा. "सर, तुम्ही तर आमचे पहिलेवहिले चाहते. मला वाटलंच, तुमचा फोन येणार."

"ज्यांच्या घरी डबी आहे त्यांचं काय?"

"त्यांच्यासाठी फार छान निरोप तयार केलाय, सर. सोमवारी डबीतूनच ऐकू येईल त्यांना."

"तसं नाही. इतकी वर्षं ऐकून ऐकून डबीला जी त्या माणसाच्या बोलण्याची ओळख झालीय, ती उतरवून देता येईल? एका फाइलमध्ये? मी बघतो पुढं काय करायचं ते."

"ती डबीत नसतेच ना, सर. ती आमच्या सर्व्हरवर. आणि ती पुसली जाणार. तुम्हीच लिहिलं होतंत ना, की ही कंपनी माणसाचा आवाज दुसऱ्या कुणाच्या हाती पडू देत नाही. ते वाक्य आम्ही ऑफिसच्या भिंतीवर लावलं होतं." मग आवाज किंचित खाली आला. "सोमवारपर्यंत हे आपल्यातच हं, सर."

"हो," तो म्हणाला. त्याला नंतर आठवलं की हे हो म्हणताना तो क्षणभरही थांबला नव्हता. हा त्याच्या धंद्याचा नेम. कंपनी बातमी आधी देते, विश्वासानं देते, आणि ठरलेल्या घटकेपर्यंत ती पोटात ठेवायची. कितीतरी जण फितूर झालेले त्यानं पाहिले होते. कुणी मित्राच्या कानात सांगितलं, कुणी मेव्हण्याला जुना फोन घेऊ नको म्हणाला, आणि नाव कंपनीच्या यादीतून उडालं. त्याचं कधी उडालं नव्हतं. नवा फोन येणार हे माहीत असून त्यानं सख्ख्या साडूला जुना घेताना बघितलं होतं, आणि दुकानात त्याच्या शेजारी उभा राहून त्याला कव्हर निवडून दिलं होतं. याचा त्याला अभिमान होता. म्हणजे, बुधवारी दुपारपर्यंत होता.

घरी आला तेव्हा अक्का खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे ओठ हलले, मध्ये तो शांततेचा नेहमीचा छोटा खळगा पडला, मग टेबलावरून बातम्यावाल्या बाईनं विचारलं, "आज उशीर? कुठल्या फोनचं लग्न होतं?"

"बॅटरीची चाचणी," तो डबीकडे बघून म्हणाला.

आणि आपण डबीकडे बघतोय हे त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. त्या खोलीतल्या दोन्ही खुर्च्या डबीकडे तोंड करून होत्या. कुणी हलवल्या असं नाही, तीन वर्षांत आपोआप वळत गेल्या. भेटायला येणारे डबीला नमस्कार करायचे, डबीला विचारायचे, जेवलात का. अक्काचं तोंड हललं की सगळ्यांच्या नजरा टेबलाकडे जायच्या, जशा पूर्वी रेडिओकडे जायच्या. ती बोलत असताना तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. आणखी एक त्याला तेव्हा जाणवलं, आणि त्यामुळे तो घाबरला. अक्काचा जुना आवाज त्याला आठवेना. स्वप्नातसुद्धा अक्का यायची ती त्या तरण्या बाईच्या आवाजात बोलायची. लहानपणच्या स्वप्नात, परकर नेसलेली अक्का, आणि आवाज हा. त्यानं तो आवाज मनात हुडकायचा प्रयत्न केला. जाडसर होता. थोडा घोगरा. विशेषणं होती, आवाज नव्हता.

अक्का टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये होती. बोर्डासमोर ओळीनं बसलेल्या बायका, कानाला यंत्रं, हातात दोऱ्या, या भोकातली दोरी त्या भोकात. तो शाळेत असताना डबा द्यायला जायचा आणि काचेतून बघत राहायचा. लांबच्या गावाहून लाईन यायची तेव्हा तिच्यात इतकी खरखर असायची की बाकीच्या बायका कंटाळून अक्काकडे ढकलायच्या. अक्का डोळे मिटायची, मान जरा कलती करायची, आणि म्हणायची, बोला, मी आहे लाईनवर, सावकाश बोला. पलीकडे कुणी रडत असे, कुणी दारू प्यालेला, कुणाला बोलायचीच सवय नसे. ती त्यांच्याकडून नाव-गाव काढून घ्यायची, आणि जोडून द्यायची. पुढं तो इंजिनिअरिंगला गेला आणि आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं. त्यानंच घरी येऊन उत्साहानं आकृती काढून दाखवली होती, की आता मध्ये माणूस नको. अक्कानं आकृती नीट बघितली. म्हणाली, छान आहे. आणि तिला तक्रारींच्या टेबलावर बसवलं, तिथंच ती निवृत्त झाली. तेव्हा ती हे कुठल्या आवाजात म्हणाली होती? छान आहे. त्यानं कान देऊन बघितलं. बातम्यावाली बाईच म्हणाली, छान आहे.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. आधी स्वतःशी म्हणाला, सोमवारी सांगायचंच आहे, चार दिवस तिला सुखानं जाऊ देत. मग म्हणाला, आधी काही तोड निघते का बघू. दोन्ही खरं होतं आणि दोन्हीच्या तळाला काहीतरी वेगळं होतं, त्याला तो हात लावत नव्हता. जोवर तो बोलत नव्हता तोवर ती बातमी होती, दहाला लागणारी. बोलला असता की ती घरातली गोष्ट झाली असती. त्या दिवसांत अक्का एरवीसारखीच होती. दुधाला आज वास आहे. शेजारच्यांचं कुत्रं म्हातारं झालं वाटतं, जिना चढताना थांबतं. तुझ्या बायकोचा निळा झगा चांगला दिसतो, तिला सांग, मी सांगितलं तर तिला वाटेल वकील खुशामत करतात. तो ऐकायचा आणि मनात म्हणायचा, हे कशाला सांगत बसलीस, मोठं काहीतरी सांग, आत काय आहे ते सांग, वेळ नाही. पण वेळ नाही हे तिला कुणी सांगितलं होतं? दुधाचा वास, कुत्रं, झगा. तिनं आपले शब्द असे उधळून टाकले, बँकेत भरपूर पैसे असलेल्या माणसासारखे.

शनिवारी दुपारी ती झोपली असताना त्यानं डबी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणली. केस वाळवायच्या यंत्रानं कडेचा गोंद ऊन केला, पातळ सुरी घातली, झाकण सुटलं. कितीतरी वर्षांनी त्यानं एखादी वस्तू उघडली होती. आत हिरवी छोटी पट्टी, माईक, स्पीकर, बॅटरी, एक अँटेना. मीटरची टोकं त्यानं एकेका जागी लावून बघितली. सगळं ठणठणीत. जिथं जेवढं यायला हवं तिथं तेवढं येत होतं. बिघाड असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, मेलेला भाग काढून दुसरा बसवला असता, रात्रीचा दिवस केला असता. बिघडलेलंच नाही ते दुरुस्त कसं करायचं? यात अक्का नव्हतीच. इथं नुसता कान होता आणि तोंड होतं. मधलं सगळं, तिचा ल कसा निसटतो, तिचा र कुठं बुडतो, राग आला की वाक्य कसं आखूड होतं, हे सारं कुठल्यातरी गार खोलीत, त्यानं न पाहिलेल्या कपाटांत होतं, आणि तिथं त्याचा मीटर पोचत नव्हता.

तेवढ्यात मागच्या खोलीतून अक्काचा आवाज आला. तिचा स्वतःचा. ती उठली होती आणि काहीतरी म्हणत होती. तो दारात गेला. ती पलंगावर अर्धी उठून बसलेली, त्याच्याकडे बघून बोलत होती, घाईघाईनं, हात हलवून, बहुधा स्वप्नातलं काहीतरी, कारण चेहऱ्यावर अजून ते स्वप्न होतं, उजळलेलं. "थांब, थांब अक्का, जोडून आणतो, एक मिनिट," असं म्हणत तो उलटा स्वयंपाकघरात पळाला. झाकण बसेना. गोंद गार झाला होता. शेवटी चिकटपट्टी गुंडाळून त्यानं डबी आणली, टेबलावर ठेवली, हिरवा दिवा लागला. "हं, बोल आता."

अक्कानं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. तोंड हललं. खळगा पडला. "काही नाही," डबी म्हणाली.

सकाळी मात्र ती डबी बंद ठेवायची. उठल्यावर डाव्या हातानं ती तिचं बटण सरकवायची आणि बराच वेळ स्वतःशी पुटपुटत बसायची. बॅटरी वाचवते असं त्याला पहिले काही महिने वाटायचं. एकदा त्यानं तसं म्हटलं तेव्हा ती हसली, आणि नंतर डबी चालू करून म्हणाली, "देवाशी बोलत होते. त्याला माझं थेट कळतं. वकील तुमच्यासाठी लागतात." त्या वेळी त्यानं तो विनोद म्हणून ऑफिसात सांगितला होता, लेखाच्या शेवटीही घातला होता, वाचकांना फार आवडला. रविवारी सकाळी तो तिच्या दाराबाहेर उभा राहिला. आत ते पुटपुटणं चाललं होतं, वर जात होतं, खाली येत होतं, मध्येच थांबत होतं, जसं समोरचा उत्तर देत असावा. एक शब्द कळत नव्हता. पण तो बोलण्यासारखा आवाज होता, आजारासारखा नव्हता. देवा, तुला काय कळतं यातलं, त्यानं विचारलं. टवाळी म्हणून नव्हे. खरोखरच विचारलं, दुसऱ्या इंजिनिअरला विचारावं तसं. मग लाज वाटून तो दारापासून दूर झाला.

दुपारी अक्का म्हणाली, "तू काहीतरी पोटात ठेवलंयस."

"ऑफिसचं आहे," तो म्हणाला.

"सांगायचं नाही असलं?"

"हो."

तिचे ओठ हलले. मग बाईचा खणखणीत आवाज आला. "आम्हीही लाईनवर ऐकलेलं कुणाला सांगत नसू. एकदा तर माझ्याच मैत्रिणीचं मोडलेलं लग्न मी तिच्याआधी ऐकलं. दिवसभर तिच्याशेजारी बसून होते. सांगू नकोस मग."

तिनं त्याला इतक्या सहज मोकळं केलं की सांगायला जागाच उरली नाही. विचारलंच असतं, भांडली असती, तर कदाचित तोंडातून निघून गेलं असतं. पण ती मान ठेवत होती, त्याच्या कामाचा, एका हुद्देदारानं दुसऱ्याचा ठेवावा तसा. "मग पुढं काय झालं त्या मैत्रिणीचं?" त्यानं विचारलं. "काय व्हायचं? मला आधीपासून माहीत होतं हे तिला नंतर कळलं," डबी म्हणाली, आणि अक्का खिडकीबाहेर बघायला लागली.

सोमवारी बरोबर दहाला त्याचा लेख लागला. चौकटीत पाच पर्याय होते. पाचही डब्या छान बोलायच्या, हवापाणी सांगायच्या, गाणी लावायच्या. तोंड वाकडं झालेल्या माणसाचं एकीलाही कळत नव्हतं, तेही त्यानं लिहिलं होतं, संपादकांनी ते वाक्य लांबी कमी करायला काढलं. तो घरी निघायच्या बेतात होता, आपल्या तोंडानं सांगायचं म्हणून मनात वाक्यं जुळवत होता, तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अरे, वकील भलतंच काहीतरी बोलायला लागलेत. अक्कांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. आपल्याला निरोप देताना आम्हाला जड जातंय, असं काहीतरी. अक्कांच्याच आवाजात. त्या नुसत्या बघत बसल्यात. तू ये."

बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली आणि तो उभाच राहिला. त्याच्याच आवाजात कुणी त्याला निरोप दिला असता तर कसं वाटलं असतं, हे तो ताडून बघत होता आणि ते जमत नव्हतं. शेजारी एक बाई मोठ्यानं फोनवर कुणाला तरी झापत होती, कांदे चिरूनही ठेवता येत नाहीत का, आणि तिचा एकेक शब्द त्याला लख्ख ऐकू येत होता, कडांसकट.

अक्का खुर्चीत होती. बायको पलंगाच्या कडेला. चिकटपट्टी लावलेली डबी टेबलावर, दिवा हिरवा. आत शिरल्यावर तो कुठं उभं राहावं ते न कळून दारातच थांबला.

"तुला ठाऊक होतं," डबी म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"बुधवारपासून."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं आणि नजर खाली केली. अक्काचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो हलला नाही.

"अक्का, मला सांगता येत नव्हतं. नियम असतो. तुला तर..."

"असतो," डबी म्हणाली. एवढंच. त्या बाईच्या आवाजात राग कधी उमटायचा नाही, तो तिला शिकवलेलाच नव्हता, त्यामुळे यातलं काय होतं आणि काय नव्हतं ते त्याला समजायला मार्ग नव्हता. त्यासाठी अक्काच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं, आणि तो डबीकडे बघत होता.

मग अक्का पुढं वाकली. डाव्या हातानं तिनं डबी उचलली, मांडीवर घेतली, आणि बटण सरकवलं. हिरवा दिवा पिवळा झाला, म्हणजे डबी जागी, पण तिचा कान बंद.

"अगं, बंद का करतेस? संध्याकाळपर्यंत चालू आहे ती," तो म्हणाला. "अजून पुष्कळ वेळ आहे. जे काय सांगायचंय ते सांगून घे. मी उतरवून ठेवतो सगळं. तुला वाटेल तितकं बोल." तो खिशातून फोन काढायला लागला. अक्कानं मान हलवली. मग तिनं त्याला डाव्या हातानं जवळ बोलावलं, खुर्ची दाखवली. त्यानं खुर्ची ओढली, पहिल्यांदाच तिच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. आणि ती बोलायला लागली. स्वतःच्या तोंडानं.

त्याला काही कळलं नाही. "पाणी?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा बोलली. "उशी? पाय दुखतोय? औषध राहिलं का सकाळचं?" नाही, नाही. "खिडकी लावू?" बायको पलंगावरून म्हणाली, "सगळं दुखण्याखुपण्याचंच काय विचारतोयस? त्या मागत नाहीयेत काही. सांगतायत." खरंच, मागण्यापलीकडे तिला काही म्हणायचं असेल हे त्याच्या डोक्यात येत नव्हतं. अक्कानं डोळे मिटून एक श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली, सावकाश. तो तिचं तोंड बघत राहिला. उजवा कोपरा उचलला जात नव्हता. जीभ उशिरा यायची, ओठ मिटायच्या आधीच आवाज निघून जायचा. व्यंजनं सगळी एका रंगाची. स्वर तेवढे उभे होते, पाण्यात बुडालेल्या घरांची छपरं दिसावीत तसे. त्याला फक्त एवढं कळलं की ती दर वेळी तेच म्हणतेय. लांबी तीच, मध्ये एके ठिकाणी आवाज चढतो, शेवटी खाली येतो. एकच वाक्य. रागाचं आहे? की माफ केल्याचं? चढ तर प्रश्नासारखा वाटतो. की त्याच्याविषयी नाहीच काही, शनिवारी दुपारी जे स्वप्न पडलं होतं ते?

"अक्का, पाया पडतो तुझ्या. एकदाच. हे एकच वाक्य वकिलांकडून सांग. मग ठेव बंद." तिनं डबीवर हात पालथा ठेवला, दाबून, आणि नाही म्हणाली. नाही कळलं त्याला. मान हलली होती म्हणून कळलं. बायको उठून त्याच्यामागं येऊन उभी राहिली, तिनंही ऐकलं, तिलाही अर्थ लागला नाही. "अक्का, दमलात तुम्ही, थोडं पडता का?" ती म्हणाली. अक्का दमली होती. कपाळावर घाम आला होता, ओठाच्या कडेनं लाळ आली होती, ती तिनं खांद्याला पुसली, आणि पुन्हा त्याच्या डोळ्यांत बघून, तितकीच लांब, तेवढ्याच चढाची ती ओळ म्हणाली. चिडून नाही. त्यात एक विलक्षण सवड होती, जशी जगात दुसरं काही करायचंच नाही. त्याला वाटलं, ओरडली असती तर बरं. त्याला वाटलं, खोटंच म्हणावं, कळलं म्हणून, आणि सगळ्यांनी चहा घ्यावा. त्याच्या तोंडात ते आलंही होतं. तिनं त्याआधीच मान हलवली.

ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं आणि भिंतीवरून वर सरकलं. बायकोनं दिवा लावला, चहा आणला, तो तसाच निवला. मधे केव्हातरी त्यानं विचारणं सोडून दिलं, आणि ती म्हणेल ते तिच्यामागून म्हणायला लागला, नुसता आवाज, अर्थाशिवाय, आपलं तोंड तिच्यासारखं वाकडं करून. ती मान हलवायची, पहिल्या अक्षरावर परत यायची. तो म्हणायचा. ती मान हलवायची. तिच्या हाताखाली डबी एकदा थरथरली आणि पिवळा दिवा विझला, तेव्हा तिनं तिकडे बघितलंही नाही, हातही उचलला नाही. तिनं पुन्हा सुरुवातीपासून सुरुवात केली. तो अजून पहिल्याच शब्दावर होता.